पांढरं दिसतं ते फूल नव्हेच! टेक्सासच्या माळावरचं एक झाड इंदूरहून ओळखताना

माझी भाची डॅलसला असते. मागच्या सप्टेंबरात सकाळी मी पोह्यांवर सेव टाकत होते तेवढ्यात तिचा फोटो आला, आमचे साडेसात म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे नऊ. फोटोत काळी भेगाळलेली जमीन, त्यावर कमरेएवढी झाडं आणि सगळ्यांचे शेंडे पांढरे, जणू कुणी वरून चुना शिंपडलाय. खाली मेसेज, "मावशी हे काय गं? ॲपवाला एकदा एक नाव सांगतो, फोटो बदलला की दुसरंच." मी शाळेत पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय त्यामुळे घरात पान-फूल-किडा काहीही सापडलं की फोटो माझ्याकडे येतो, त्यात आता अमेरिकेचीही भर.

आधी वाटलं आमच्या इंदूरजवळच्या सांवेरकडचं शेत आहे की काय, जमीन इतकी आपल्यासारखी. आणि ते खरंही निघालं. टेक्सासमध्ये ब्लॅकलँड प्रेअरी म्हणून पट्टा आहे, डॅलस त्यातच येतं, तिथली माती आपल्या माळव्याच्या काळ्या मातीसारखीच चिकण, पावसात फुगते आणि उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फरक एवढाच की आपली माती बेसाल्ट झिजून झाली, त्यांची खडू आणि चुनखडीच्या खडकातून. प्रेअरी म्हणजे मोठी झाडं फारशी नसलेलं गवताळ माळरान. या ब्लॅकलँडमधलं एक टक्कासुद्धा आता मूळ अवस्थेत उरलेलं नाही, बाकी सगळं नांगराखाली नाहीतर कॉलन्यांखाली गेलं, तरी हे पांढऱ्या शेंड्याचं झाड रस्त्याकडेला, पडीक शेतात, कुरणात अजून जोरात असतं.

ते निघालं स्नो ऑन द प्रेअरी, आपल्या थोराच्या युफोर्बिया गटातलं, शास्त्रीय नाव युफोर्बिया बायकलर. तर ते ओळखलं कसं ते सांगते. यात मी एकदा तोंडावर पडले तेही सांगते, कारण बहुतेक लोक तिथेच पडतात.

पहिली गोष्ट, उघड्या हातानं तोडू नका. भाचीला मी सगळ्यात आधी हेच विचारलं, तोडलंस का? म्हणाली हो, पांढरं दूध आलं. म्हटलं बाई साबणानं हात धू आधी आणि डोळ्याला लावू नकोस, बाकी गप्पा मग. हे दूध म्हणजे चीक, कातडीला लागला की काहींना पुरळ येतं, फोड येतात, आणि डोळ्यात गेला तर फार वाईट. मला माहितेय कारण लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात मी सासरच्या कुंपणाचा थोर छाटला होता आणि घाम पुसायला हात कपाळावर नेला, तिथून डोळ्यात. दोन दिवस उजेड बघवत नव्हता. सासूबाईंनी नळाखाली डोकं धरलं म्हणून निभावलं. डोळ्यात चीक गेलाच तर चोळायचं नाही, वाहत्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. म्हणून ओळखायला जाताना हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातात चढवा, आणि लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना गुच्छ करू देऊ नका, पांढरा शेंडा दिसला की मुलं हमखास तेच करतात.

आता दूध आलं म्हणजे एरंडाच्या कुळातलं, असं भाचीनं स्वतःच ठरवून टाकलं होतं, शाळेत मीच शिकवलेलं तिला आठवत होतं बहुतेक. पण दूध हा पुरावा नाही, नुसता इशारा आहे. आपली रुई घ्या, शनिवारी मारुतीला जिच्या पानाफुलांची माळ घालतात ती, तिलाही भरपूर चीक, पण ती पार वेगळ्या कुळातली. प्रेअरीवर रुईच्या नात्यातली मिल्कवीड म्हणून झाडं असतात, त्यांचीही फुलं कधीकधी पांढरी आणि चीकही पांढरा, त्यामुळे घोळ होतोच. तिथे फळ बघायचं. मिल्कवीडची लांब शेंग उकलते आणि आतून म्हाताऱ्या उडतात, रेशमी केसांच्या, लहानपणी पकडायचो त्या. आपल्या झाडाला शेंगच नसते. आणि उलटंही आहे, खुद्द एरंडाला पांढरं दूध नाही, पानाचा देठ मोडला तर पाण्यासारखा रस येतो, तरी कुळ त्याच्याच नावाचं! हे कुळ तसं अजब आहे. थोर, एरंड, रबराचं झाड सगळी यातलीच, आणि आपण एकादशीला इंदूरच्या सराफा बाजारात जाऊन जी साबुदाण्याची खिचडी खातो तो साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो टॅपिओकासुद्धा याच कुळातला. उपास एरंडाच्या भावकीवर चालतो म्हणायचं.

बरं, मग कुळ पक्कं कसं करायचं? त्यासाठी मी भाचीला म्हटलं व्हिडिओ कॉल कर, मी तुला आमच्या अंगणात दाखवते आणि तू तिकडे तेच शोध. आणि हे मी तुम्हालाही सांगेन, अनोळखी झाड ओळखायचं तर आधी त्याच कुळातलं घरचं झाड नीट बघून घ्या, डोळ्याला सवय होते.

आमच्या अंगणात यातली दोन आहेत. एक कुंडीतला काटेरी युफोर्बिया, नर्सरीवाले नुसतं युफोर्बियाच म्हणतात, लाल नाहीतर गुलाबी दोन-दोन पाकळ्यांची फुलं येतात तो. दुसरी दुधी, म्हणजे भाजीचा दुधी भोपळा नाही हां (आमच्याकडे इंदुरात तसंही त्याला लौकीच म्हणतात), जमिनीलगत वाढणारं तण, लालसर केसाळ खोड, समोरासमोर पानं आणि पानाच्या बगलेत हिरवट गुंड्या. कुणी नायटीही म्हणतात. फरशीच्या ब्लॉकच्या फटीत उगवते. आमचं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय पण दुधीला त्याची काही पडलेली नाही.

आधी काटेरी युफोर्बिया घ्या, भिंग असेल तर उत्तम, सोनारवाल्यांचं दहापट मोठं दाखवणारं शे-दोनशेत मिळतं, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. त्या दोन लाल पाकळ्या म्हणजे पाकळ्या नाहीतच, ती रंगीत पानं आहेत. त्यांच्या मधोमध एक छोटीशी वाटी दिसेल. त्या वाटीच्या काठावर चकचकीत गाठी असतात, मधाच्या, मुंग्या तिथेच घुटमळतात. वाटीतून पिवळे बारीक टोक असलेले तंतू बाहेर येतात, यातला प्रत्येक तंतू म्हणजे एक अख्खं नर फूल, ज्याच्यात एका पुंकेसराशिवाय काहीच उरलेलं नाही. ना पाकळी ना काही, बिचारं. आणि मधोमध एकच मादी फूल, म्हणजे नुसती देठावरची गाठ, वर तीन फाटे. म्हणजे आपण ज्याला एक फूल समजतो ते खरं तर एका वाटीत बसलेलं अख्खं कुटुंब. या वाटीला शास्त्रात सायथियम म्हणतात. तुम्हाला चुकल्यासारखं वाटत असेल तर वाटू देऊ नका, झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियससारख्या माणसानंही त्याला एकच फूल धरलं होतं.

ही वाटी दिसली की झाड युफोर्बिया गटातलं, मग झाड वीतभर असो की थोरासारखं पुरुषभर. वाटी नाही तर युफोर्बिया नाही. एरंडाच्या कुळातल्या बाकी बहुतेकांना ही वाटी नसते, प्रेअरीवर क्रोटन नावाची वर्षायू, म्हणजे एका वर्षात उगवून संपणारी, झाडं खूप असतात, राखाडी केसाळ, ती याच कुळातली पण त्यांना ना वाटी ना पांढरं दूध.

मग दुधी. तिची वाटी इतकी बारीक की साध्या डोळ्याला कळत नाही, पण तिचं फळ बघा. मोहरीहूनही लहान, तीन फुगीर कप्प्यांचं. एरंडाचं फळ आठवा, ते काटेरी बोंड, त्यातही तीन कप्पे आणि तीन बिया. तोच साचा, नुसता साईज वेगळा. युफोर्बियात आणखी एक गंमत असते, फळ भरायला लागलं की मधलं देठ लांब होतं आणि फळ वाटीच्या बाहेर एका कडेला लोंबतं, जणू कुणी खिडकीतून डोकं काढलंय. हे एकदा दिसलं की पुन्हा विसरायला होत नाही.

भाचीनं तिकडे टॉर्च मारून बघितलं (रात्रीचे साडेनऊ झाले होते, फांदी पिशवीत गुंडाळून घरी आणलेली) आणि किंचाळलीच, "मावशी वाटी आहे! आणि काठावर अगदी छोट्या पांढऱ्या पाकळ्या पण आहेत." त्याही पाकळ्या नव्हेत, काठावरच्या गाठींना पांढरी झालर असते, चार-पाच. आणि तिच्या फांदीवर एक फळही होतं, केसाळ, तीन कप्प्यांचं, कडेला लोंबलेलं. झालं, युफोर्बिया नक्की.

आता तो पांढरा शेंडा. लांबून सगळं पांढरं फूल वाटतं ते म्हणजे वरची पानं. याची खात्री करायला सोपं आहे, खालून वर बघत जायचं. खोडाची खालची पानं साधी हिरवी आणि एकाआड एक. वर खोड बहुतेक तीन फाट्यांत फुटतं, तिथे पानं घोळक्यानं येतात आणि तिथून वर पानाच्या कडेला पांढरी किनार सुरू होते, हिरवा पट्टा मधे, पांढरं दोन्ही बाजूंना, साडीच्या काठासारखं. मधली शीर स्पष्ट दिसते. पाकळीत असं हिरवं मधे आणि पांढरं कडेला असं सहसा नसतं. आपल्याकडे डिसेंबरात पॉइनसेटिया लाल होतो तो हाच प्रकार, लाल ती पानं आणि फुलं म्हणजे मधल्या पिवळट वाट्या, आणि तो यांचा सख्खा चुलतभाऊच आहे. ॲपनं एकदा पॉइनसेटिया सांगितलं होतं ते अगदीच वेडगळ नव्हतं मग.

इथवर मी खूश. मी ठोकून दिलं, हे स्नो ऑन द माउंटन, युफोर्बिया मार्जिनाटा. कारण मला ते एकच माहीत होतं! बियांच्या पाकिटांवर, गार्डनिंगच्या पुस्तकात तेच असतं. त्याची गोष्टही भारी आहे, अमेरिकेचा पश्चिम भाग पालथा घालणाऱ्या लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेतल्या विल्यम क्लार्कनं १८०६ मध्ये परतीच्या वाटेवर मोंटानात यलोस्टोन नदीकाठी त्याचा नमुना गोळा केला आणि त्यावरून पुढे पर्श नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं नाव दिलं. भाचीला ही सगळी गोष्ट मी सांगितली, तिनं तिच्या ऑफिसात सांगितली, आणि दोन दिवसांनी तिथल्याच एका बाईनं तिला म्हटलं की अगं हे ते नाही, ही त्याची बहीण, स्नो ऑन द प्रेअरी. माझी गोची.

दोन्ही वर्षायू, दोन्ही तिथलीच मूळची, दोन्हींना चीक, वाटी, पांढरी किनार सगळं सारखं. फरक पानाच्या बांध्यात आहे आणि तो फोटोवरून कळायला पानाशेजारी काहीतरी माप हवं, म्हणून मी आता सगळ्यांना सांगते की पानाला पेन लावून फोटो काढा. मार्जिनाटाचं पान रुंद, सदाफुलीच्या पानासारखं, लांबी रुंदीच्या दोन-तीन पट, आणि वरच्या पानांची पांढरी किनारही रुंद, काही पानं तर जवळपास पूर्ण पांढरी. बायकलरचं, म्हणजे स्नो ऑन द प्रेअरीचं, वरचं पान अरुंद, पट्टीसारखं, कण्हेरीचं छोटं पान डोळ्यासमोर आणा, लांबी रुंदीच्या कितीतरी पट, आणि किनार बारीक. भाचीच्या दुसऱ्या फोटोत पेनाशेजारी पान ठेवलं तर पेनाहून रुंदीला कमीच भरलं. कण्हेर! विषय संपला. मी चुकले होते, मान्य केलं, ऑफिसातल्या त्या बाईंना भाचीकडून थँक्यू पाठवलं.

नुसत्या जागेवरूनही शंका यायला हवी होती मला. मार्जिनाटाचा पसारा मोठा, उत्तरेला मोंटाना-मिनेसोटापासून खाली टेक्सास-न्यू मेक्सिकोपर्यंत सगळं मैदान, शिवाय बागेतून सुटून इतर ठिकाणीही रुजलंय. बायकलर मात्र टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा, लुइझियाना एवढ्यातच, आणि त्यातही काळी चिकण माती त्याला फार प्रिय. त्याचं शास्त्रीय नाव १८४५ चं, एंगेलमान आणि एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दिलेलं. डॅलसच्या काळ्या मातीत सप्टेंबरात दिसलं तर आधी बायकलर धरायचं आणि मग पान बघून खात्री करायची. पण नुसत्या जागेवर विसंबू नका, डॅलसच्या आसपास मार्जिनाटाही मिळतं, म्हणून पान बघायचंच.

वर्षायू आहे हे कसं कळणार, असं भाचीनं विचारलं, आणि प्रश्न बरोबर आहे कारण तिसरी एक आहे, युफोर्बिया कोरोलाटा, तीही तिथलीच, तीही पांढरी दिसते, पण ती बहुवर्षायू. तिथे बुंध्याशी बघायचं. बुंध्यातून एकच ताजं खोड निघतंय, आजूबाजूला गेल्या वर्षीचे लाकडी खुंट नाहीत, तर बहुतेक वर्षायू. कोरोलाटात जुन्या मुळावरून खोडं फुटतात, आणि मुख्य म्हणजे तिच्या पानांना पांढरी किनार नसते, पांढरं काय ते फक्त वाटीभोवतीच्या पाच झालरी, त्यामुळे ती लांबून खऱ्या पाच पाकळ्यांच्या छोट्या फुलांसारखी दिसते. मूळ बघायला उपटायची गरज नाही, आणि राखीव प्रेअरीत तर उपटायचंच नाही, तिथे एकेक रोप मोजकं उरलेलं असतं. किनार बघितली तरी काम होतं.

काळही धरा, ही जुलै-ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दिसते. एप्रिलात टेक्सासमध्ये रस्त्याकडेला पांढरं काही दिसलं तर ते हे नाही. आणि आजूबाजूला गुरं असतील तर एक बघा, सगळं गवत जमिनीपर्यंत कुरतडलंय आणि हीच झाडं तेवढी ताठ उभी, असं चित्र असलं तर चिकामुळेच गुरांनी ती टाळलीत, म्हणूनच अति चरलेल्या कुरणात ती वाढत जातात. कुणाला वाटतं की एवढी फुललीत म्हणजे माळ छान आहे, तर तसं नसतं नेहमी.

फोटो कुणाला पाठवायचे असतील तर नुसता पांढऱ्या शेंड्याचा पाठवू नका प्लीज, माझ्याकडे असे कितीतरी येतात आणि त्यावरून काही म्हणजे काही सांगता येत नाही. अख्खं झाड बुंध्यापासून दिसेल असा एक, खालचं हिरवं पान, वरचं किनारवालं पान पेनासकट, वाटीचा जवळून (फोकससाठी मागे काळा कागद किंवा मोबाईलचं कव्हर धरा, पांढऱ्यावर कॅमेरा गोंधळतो), आणि फळ असेल तर फळ. सकाळी काढा, दुपारच्या उन्हात पांढरं सगळं फटफटीत होतं, किनार आणि हिरवा पट्टा वेगळा कळत नाही. बरोबर गावाचं नाव आणि महिना लिहा, अर्धं ओळखणं तिथेच होतं.

भाची दिवाळीत येणार होती, म्हणाली मावशी बिया आणू का, तुझ्या गच्चीवर लाव, इतकं सुंदर दिसतं. मन झालं होतं, खोटं कशाला बोलू. पण नको म्हटलं. एक तर बाहेरून बिया आणायला परवानगी, तपासणी वगैरे नियम आहेत, आणि दुसरं म्हणजे गाजरगवत. ते अमेरिकेतूनच आलेलं, १९५० च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं आणि आता आमच्या रिंग रोडच्या दोन्ही कडांना दुसरं काही उगवत नाही. आपली काळी माती त्यांच्या काळ्या मातीसारखीच आहे म्हटल्यावर तर मला जास्तच धास्ती वाटली. तिनं मग बियांऐवजी व्हिडिओ आणला, सुकत आलेली दोन-तीन फळं तिनं कागदी पिशवीत ठेवली होती आणि पिशवी टेबलावर, व्हिडिओत बराच वेळ काही होत नाही, मागे टीव्हीचा आवाज, आणि एकदम टक्. फळ फुटून बी पिशवीला आपटलेली. मग आणखी एक टक्.

ऐकून मी अंगणात गेले, म्हटलं आपल्या दुधीचं फळ फुटताना बघता येतंय का भिंगातून. तर सकाळी झाडूवाल्या काकूंनी ब्लॉकच्या फटी खुरपून लख्ख करून ठेवलेल्या. काटेरी युफोर्बिया तेवढा कुंडीत होता.